स्पेनच्या राजाचं शहर, दिवा-वसई गाडीच्या तिकिटात

२०११ साली ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ हा सिनेमा आला आणि स्पेनचा समुद्रकिनारा मराठी मध्यमवर्गाच्याही ‘एकदा जायचंच’ यादीत जाऊन बसला. डोंबिवलीत नुकताच संसार मांडलेलं जोडपं हिशेबाला बसलं, की मात्र बेत जागीच अडतो. शेंगेन व्हिसाची फी माणशी ९० युरो. ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा. वर विमानाचं भाडं, बँकेचं स्टेटमेंट, दोघांच्या ऑफिसांतून रजेची पत्रं. पाठीला सॅक लावून, हॉस्टेलात झोपून कितीही काटकसर करायची म्हटली, तरी घराचा हप्ता सांभाळून ही रक्कम उभी करायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

तोवर सॅक माळ्यावर टाकायचं कारण नाही. स्पेनचा राजा ज्याचा धनी होता, असं समुद्रकाठचं एक तटबंदीचं शहर डोंबिवलीहून तास-दीड तासावर आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं. हे शहर म्हणजे वसई. शाळेच्या सहलीत आपण ती चिमाजीअप्पांचा विजय म्हणून पाहिलेली असते, लग्नाआधीच्या फोटोंसाठी पडक्या कमानी म्हणून पाहिलेली असते. स्पेनचा धागा हातात धरून पाहिली, तर तिथले बरेच दगड बोलायला लागतात. शिवाय वसई पडीक का झाली आणि शेजारची मुंबई मोठी का झाली, याचंही निम्मं उत्तर त्याच धाग्याला लागलेलं आहे.

राजा स्पेनचा, कारभार पोर्तुगीजांचा

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. हुमायून अंगावर येत होता, सुलतानाला दोस्त हवा होता आणि पोर्तुगीजांना बंदर. तहात मुंबईची बेटं आणि साष्टीही गेली. १५३६ मध्ये किल्ल्याचं काम सुरू झालं. दमणपासून चौलपर्यंतचा पोर्तुगीजांचा ‘उत्तर प्रांत’ पुढे वसईतून चालू लागला. आजची मुंबई तेव्हा वसईच्या हाताखालचं एक किरकोळ बेट होती, आणि ठाणंही याच प्रांतातलं गाव होतं.

१५७८ साली पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियान मोरोक्कोतल्या लढाईत मारला गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याच्या मागून गादीवर बसलेले म्हातारे चुलत आजोबा १५८० मध्ये वारले, आणि स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने आईकडून चालत आलेला वारसा आणि सोबत फौज घेऊन लिस्बन ताब्यात घेतलं. फिलिपाईन्सला ज्याचं नाव मिळालं, तोच हा फिलिप. १५८१ मध्ये तोमार गावी पोर्तुगीज सरदारांच्या सभेने त्याला राजा मानलं. बदल्यात त्याने शब्द दिला की पोर्तुगालचे कायदे, नाणी आणि परदेशातला कारभार पोर्तुगीजांच्याच हाती राहील.

सोसायटीचा चेअरमन बदलावा, पण सेक्रेटरीपासून वॉचमनपर्यंत माणसं तीच राहावीत, तसं वसईत झालं. किल्लेदार पोर्तुगीज, भाषा पोर्तुगीज, पाद्रीही बहुतेक पोर्तुगीज. पण १५८० पासून १६४० पर्यंत दुसरा, तिसरा आणि चौथा असे तीन फिलिप वसईचे धनी होते. त्यांतला एकही इथे फिरकला नाही. वसईच्या भरभराटीचा मोठा काळ मात्र नेमका याच साठ वर्षांत येतो.

गाडी, नदी आणि खर्च

दिवा-वसई मार्ग साधारण ४२ किलोमीटरचा. डोंबिवलीकरांना कोपरच्या वरच्या फलाटावरून गाडी मिळते, ठाणेकरांनी दिव्याला यायचं. भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र आणि वसई रोड, एवढीच स्टेशनं. गाड्या दिवसाला मोजक्या असल्याने वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवावं. परतीची चुकली तर दादरमार्गे लोकल आहेच. माणशी तिकीट एक-दोन वडापावांच्या किमतीत येतं.

जाताना डाव्या खिडकीची जागा धरावी. कोपर सोडलं की गाडी उल्हास ओलांडते आणि पुढे खाडीला डावीकडे ठेवून पश्चिमेला धावते. उजवीकडे तुंगारेश्वरचे डोंगर, जूचंद्रच्या आसपास मिठागरं. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याण, डोंबिवली करत आलेली उल्हास ठाण्याजवळ दुभंगते. एक फाटा ठाण्याच्या खाडीतून मुंबई बंदराकडे जातो, दुसरा घोडबंदरवरून वसईला अरबी समुद्राला मिळतो. डोंबिवलीच्या रेतीबंदरावरून वाहणारं पाणीच पुढे वसईच्या तटाखालून जातं. कल्याणचा माल या पाण्यावरूनच बाहेर पडे. ज्याच्या हातात वसई, त्याच्या हातात कल्याणच्या व्यापाराची मान. पोर्तुगीजांनी किल्ल्याला नेमकी हीच जागा का निवडली, हे नकाशापेक्षा या खिडकीतून लवकर कळतं.

घोडबंदर रोडच्या ठाणेकरांना दुसरी वाट आहे. २० फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर ते वसई रो-रो बोट सुरू झाली. ती खाडी ओलांडून किल्ल्याजवळच उतरवते आणि स्कूटरही सोबत नेता येते. समुद्राकडून दिसणारी वसई पाहायची असेल, तर एक बाजू बोटीने करावी.

वसई रोड स्टेशनवरून पश्चिमेला किल्ला सहा-सात किलोमीटर. महापालिकेची बस आणि शेअर रिक्षा दोन्ही मिळतात. किल्ल्यात शिरायला तिकीट नाही. गाडी, बस, चहा आणि पोटभर जेवण धरून दोघांचा दिवस हजाराच्या आत निभावतो. सॅकमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या, टोपी, टॉर्च आणि बंद बूट असावेत, कारण आत सावली कमी आणि झुडपं जास्त. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत बरे. पावसाळ्यात किल्ला देखणा दिसतो, पण दगड निसरडे होतात आणि गवतात सापांचं भय असतं.

तटाच्या आत

सुमारे ११० एकरांचा परिसर, दहा बुरुजांची तटबंदी आणि दोन दरवाजे: एक जमिनीकडचा, दुसरा समुद्राकडचा. गावाकडून येणारा डांबरी रस्ता किल्ल्याच्या पोटातूनच किल्लाबंदरच्या कोळीवाड्याकडे जातो. त्यामुळे बरेच जण किल्ला रस्त्यावरून पाहतात आणि तासाभरात ‘पाहून झाला’ म्हणतात. दोघांनी पायी फिरायचं ठरवलं तर अर्धा दिवसही अपुरा पडतो.

सुरुवात समुद्राकडच्या दरवाजापासून करावी. बाहेर किल्लाबंदरचा धक्का, कोळ्यांच्या होड्या आणि मासळीचा वास. त्या काळी जहाजातून उतरलेला माणूस शहरात इथूनच शिरे. आत आल्यावर उंच मनोरा दिसतो तो सेंट जोसेफ चर्चचा, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चचा. त्याच्या शिलालेखात साल आहे १६०१, आणि गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत चर्च नव्याने बांधल्याची नोंद. १६०१ म्हणजे माद्रिदच्या गादीवर तिसरा फिलिप. मनोऱ्यात गोल फिरत वर जाणारा अरुंद दगडी जिना आहे. वाट उघडी असेल आणि गुडघे साथ देत असतील तर वर जावं. एका बाजूला खाडीचं तोंड, एका बाजूला समुद्र आणि खाली झाडीत बुडालेलं शहर एका नजरेत येतं.

मधोमध छोटी गढी आहे. मूळ किल्ला तोच, बाहेरचा मोठा तट नंतरचा. गवर्नर नुनो द कुन्याच्या हुकमाने गार्सिया द सा या पहिल्या किल्लेदाराने १५३६ साली हा किल्ला बांधला, असं सांगणारा शिलालेख वसईत सापडला आहे. डॉमिनिकन पंथाचं चर्च आणि मठ १५८३ चा, म्हणजे स्पेनच्या राजाचा अंमल बसल्यावर तीनच वर्षांनी उभा राहिलेला. जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग कोरीव खांबांसह आजही शाबूत आहे.

थोडं जास्त थांबावं ते फ्रान्सिस्कन पंथाच्या सेंट अँथनी चर्चमध्ये. छप्पर केव्हाच गेलं आहे, रुंद कमानी उभ्या आहेत आणि पायाखाली थडग्यांच्या शिळाच शिळा. वाकून, हाताने पाला बाजूला सारून पाहिलं की कुळाची ढाल, तिच्यावरचं शिरस्त्राण, खाली पोर्तुगीज अक्षरं आणि साल दिसू लागतं. सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात, प्रकाश तिरपा असताना, अक्षरं उठून दिसतात. दुपारी बारा वाजता तीच शिळा कोरी वाटते. सालं वाचत गेलात तर १५८० ते १६४० मधली किती आहेत ते मोजायचा खेळ दोघांना छान जमतो. शिळांवर पाय पडणार नाही एवढी काळजी घ्यावी, झीज आधीच पुष्कळ झाली आहे.

इथला दगड वसईपुरता राहिला नाही. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूचं चर्च १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये पुरं झालं. त्याच्या दर्शनी भागाचा काळा दगड वसईहून जहाजाने गेला. श्रीमंतीही तशीच होती. १६७५ च्या सुमारास आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने इथल्या सज्जांच्या घरांचं आणि काचेऐवजी कालवांचे पातळ शिंपले बसवलेल्या खिडक्यांचं वर्णन केलं आहे. ही भरभराट निसर्गालाही घाबरत नव्हती असं मात्र नाही. मे १६१८ मध्ये आलेल्या वादळाने चर्चांची छपरं उडवली आणि घरं पाडली. शहर त्यातून पुन्हा उभं राहिलं. पुढे जे आलं त्यातून मात्र राहिलं नाही.

वसईचा गोन्सालो आणि स्पेनची वाट

स्पेनचा वसईशी सर्वांत जिवंत संबंध एका माणसाच्या आयुष्यात दिसतो. गोन्सालो गार्सिया वसईत १५५६ च्या सुमारास जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइटांकडे तो शिकला आणि त्यांच्याबरोबर पोरवयातच जपानला गेला. जपानी भाषा तो फाडफाड बोलू लागला, पण जेझुइटांनी त्याला आपल्या पंथात घेतलं नाही. मग त्याने व्यापार केला, पैसा मिळवला आणि शेवटी स्पेनच्या ताब्यातल्या मनिलात जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला.

१५९३ मध्ये फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गवर्नराने पेद्रो बाउतिस्ता या स्पॅनिश फ्रान्सिस्कनाला वकील म्हणून जपानला धाडलं. सोबत दुभाषा हवा होता, तो म्हणजे आपला वसईकर. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे मनिलाचं मालाने भरलेलं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं. त्या मालावरून आणि स्पेनच्या हेतूंवरून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याचा संशय भडकला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रूसावर चढवण्यात आलं. त्यांत गोन्सालो होता. ८ जून १८६२ रोजी पोपने त्याला संत घोषित केलं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो हाच. गासचं चर्च आणि वसईतलं महाविद्यालय आज त्याच्या नावाने आहे, आणि दर फेब्रुवारीत त्याचा सण साजरा होतो. वसईच्या मुलाला मनिलामार्गे नागासाकीला नेणारी ही वाट दोन मुकुट एका डोक्यावर आल्याच्या काळात मोकळी झाली होती.

स्पेनचं वैर, मुंबईचं नशीब

राजा एक झाला तसे शत्रूही एक झाले. डच स्पेनविरुद्ध बंड करून उठले होते, इंग्लंडशी स्पेनचं युद्ध होतं. तोवर डच व्यापारी लिस्बनला येऊन मसाला विकत घेत. आता फिलिपच्या मुलखात त्यांच्या जहाजांवर जप्ती येऊ लागली, तेव्हा त्यांनी थेट पूर्वेची वाट धरली. १६०० मध्ये इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी निघाली, १६०२ मध्ये डचांची. ज्या भांडणात वसईच्या पोर्तुगीजांचा काडीचा संबंध नव्हता, ते त्यांच्या दारात आलं. ऑक्टोबर १६२६ मध्ये इंग्रज आणि डच जहाजांनी मिळून मुंबई बेटावर उतरून तिथला पोर्तुगीज वाडा जाळला. हिंदुस्थानात हे दोघे व्यापारातले हाडवैरी. त्या वेळी स्पेनचा राजा हा दोघांचा शत्रू होता, म्हणून ते एकत्र आले.

१ डिसेंबर १६४० रोजी लिस्बनमध्ये उठाव झाला आणि पोर्तुगाल स्पेनपासून सुटलं. स्पेनने मात्र ते मान्य केलं नाही, लढाई २८ वर्षं चालली. एकट्याने टिकणं अवघड म्हणून पोर्तुगालने इंग्लंडशी सोयरीक जुळवली. १६६१ च्या करारात राजकन्या कॅथरीनच्या आंदणात मुंबई बेट गेलं आणि मोबदल्यात स्पेनविरुद्ध इंग्लंडची मदत आली. आंदणाची गोष्ट आपण शाळेत शिकतो, पण ते आंदण का द्यावं लागलं हे सहसा सांगितलं जात नाही. गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट सोडायला खूप खळखळ केली. शेवटी १६६५ मध्ये ते इंग्रजांच्या हाती पडलं. १६६८ मध्ये स्पेनने पोर्तुगालचं स्वातंत्र्य मानलं, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाने मुंबई १० पौंड वार्षिक भाड्याने कंपनीला देऊन टाकली. वसईच्या हाताखालचं बेट वसईच्या हातातून सुटलं ते असं. पुढच्या काळात व्यापारी आणि कारागीर तिकडे वळत गेले.

कल्याणची जहाजं, वसईच्या घंटा

मुख्य भूमीवरही वारं फिरत होतं. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीवर जहाजं बांधायला काढली. कामावर वसईकडचे पोर्तुगीज कारागीर होते, त्यांचा प्रमुख रुई लेताँव व्हियेगस. हे आरमार उद्या आपल्यावरच उलटेल, हे वसईच्या किल्लेदाराने ओळखलं आणि १६५९ मध्ये त्या कारागिरांना फितवून काम सोडायला लावलं. वसईला कल्याणच्या पाण्याची धास्ती किती होती, हे यावरून दिसतं. आरमार व्हायचं ते झालंच.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी घेतली. आज जिथे ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे, तो किल्ला पोर्तुगीज तेव्हा बांधतच होते. फेब्रुवारी १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसईला वेढा घातला. मे महिन्यात सान सेबास्तियान बुरुजाच्या बाजूला सुरुंग उडवून तट फोडला गेला. दोन्हीकडे माणसं भरपूर पडली. १६ मे रोजी तह झाला. पोर्तुगीजांना सामानसुमानासह जायची मुभा मिळाली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची. वसई परिसरात आजही चर्चच्या घंटा वाजतात, त्यामागे ही अटही आहे.

किल्ल्यातल्या घंटा मात्र हिंडल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला त्या आजही टांगलेल्या आहेत. वसई जिंकण्यासाठी अप्पांनी बोललेल्या नवसाचं वज्रेश्वरीचं देऊळ भिवंडी तालुक्यात उभं राहिलं. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह केला तो याच वसईत. त्यानंतर शहर पडीक होत गेलं.

मुक्काम आणि जेवण

एका दिवसाचे दोन करायचे असतील तर किल्ल्याबाहेरची वसई पाहावी. पापडीचं चर्च १५७४ सालापासूनचं, आणि तिथे लोक आजही मराठीत प्रार्थना करतात. इथल्या ख्रिस्ती कुपारी समाजाची सामवेदी बोली कानावर पडेल ती मराठीच, पण पहिल्या फेरीत निम्मीच समजेल. ‘हरित वसई’ची चळवळ उभी करणारे, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. जेवायला कुपारी घरगुती खाणावळ मिळाली तर व्हिनेगरचं इंद्याल आणि आंबवलेल्या पिठाचे तळलेले फुगे खावेत. शाकाहाऱ्यांनी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, बांधून घ्यावी. पाचूबंदरला बांबूच्या चौकटींवर बोंबील वाळत असतात. फोटो काढायचा तर आधी तिथल्या बाईंना विचारावं. संध्याकाळी सुरूची बागेचा किनारा किल्ल्यापासून जवळ आहे. राहायला राजोडी, कळंब, अर्नाळा या बाजूला घरगुती खोल्या मिळतात. भाव शनिवार-रविवारी चढतात, म्हणून जमलं तर मधल्या वारी जावं.

किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, पण ११० एकरांना पुरतील एवढे पहारेकरी कुठून आणणार? चारशे वर्षं टिकलेल्या गिलाव्यावर बदाम आणि नावं कोरणारे, कमानीखाली बाटल्या टाकणारे परदेशातून येत नाहीत, ते आपल्याच गाड्यांनी येतात. स्पेनला गेल्यावर तिथल्या किल्ल्यात आपण कागदाचा कपटासुद्धा खिशात ठेवू. तेवढंच इथेही करा, आणि निघताना सॅकमध्ये कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी टाका.